आमची वाटचाल : सेलकडून पुन्हा चावीकडे

आमचं दुकान दादरचं, काम मनगटी घड्याळांच्या दुरुस्तीचं. एके काळी काउंटरवर येणारं जवळजवळ प्रत्येक घड्याळ चावीचं असायचं. १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं आणि बघता बघता सेलवर (छोट्या बॅटरीवर) चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचं राज्य सुरू झालं. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तर एचएमटीचं चावीचं मशीन सेकंदाला पाच वेळा टिकटिकतं. अचूकपणात तुलनाच नाही. पुढची बरीच वर्षं दुकान सेल, पट्टे आणि काचा यांवर चाललं. पोटापाण्याला ते पुरलं, पण सेल बदलणाऱ्या हाताला बॅलन्स, म्हणजे चावीच्या घड्याळाचा ताल धरणारं डुलतं चाक, बसवायची सवय राहत नाही.

बंगळूरमध्ये १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळांचं उत्पादन गुंडाळायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्याच्या आगेमागे कपाटातल्या जनता, पायलट, सोना ही एचएमटीची जुनी मॉडेलं बाहेर पडू लागली. घेऊन येणारे बरेचसे तिशीतले, दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे. मागचं झाकण उघडून मशीन भिंगातून बघायला दिलं की पाच-दहा मिनिटं तिथून हलत नाहीत. स्वाभाविक आहे. मेनस्प्रिंगचा (चावी दिल्यावर ताणल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) जोर चाकांतून पॅलेटपर्यंत (चाकांना टिकटिकीच्या ठेक्याने अडवत-सोडत पुढे जाऊ देणाऱ्या भागापर्यंत) कसा पोचतो, हे इथे डोळ्यांना दिसतं, आणि बिघाड झाला तर त्याचं कारणही बहुतेक वेळा दिसतं.

जुन्या घड्याळांना मागणी आली, तसा तबकडी रंगवायचा धंदाही फोफावला. देशोदेशीचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. आपल्या शहराच्या नावाने, हे जरा झोंबतंच. ओळखायला फार अवघड नाही. दहापट भिंगाखाली मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर दिसतात, अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिट काटा दुसऱ्याच मॉडेलचा असल्याने रेघांपर्यंत पोचत नाही. केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची, तीच गत. पितळेवर क्रोम चढवलेली केस बफला (चकाकी देणाऱ्या फिरत्या चाकाला) लावली की क्रोम उडतो, कडा गोल होतात. क्रोम पुन्हा चढवता येतो, गेलेला आकार येत नाही. त्यामुळे आम्ही तबकडी रंगवून देत नाही. "काका, अगदी नव्यासारखं करून द्या," म्हणणारं गिऱ्हाईक यामुळे परत जातं, ते जाऊ देतो. डाग पडलेली मूळ तबकडी कोरड्या, मऊ ब्रशने झटकायची, बस्स. ओला कापूस फिरवला तर जुनी छपाई कापसाबरोबर निघून येते.

खरं काम आत असतं. मशीन खोलण्याआधी चावी चिमटीत धरून, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खीळ) बाजूला करून मेनस्प्रिंगचा ताण हळूहळू सोडायचा. हे न करता पॅलेट काढलं तर सगळी चाकं एकदम भिरभिरतात आणि पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची केसाएवढी बारीक टोकं, मोडतात. पूर्वी सफाई म्हणजे पेट्रोलची वाटी आणि ब्रश. पेट्रोल उडून गेल्यावर मागे पातळ थर राहतो आणि नवं तेल त्यावरून पसरतं. आता आम्ही घड्याळांसाठीचं द्रावण आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ काढणारं यंत्र) वापरतो, नंतर दोनदा धुणं आणि कोमट हवेत सुकवणं. पॅलेट मात्र अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायचं नाही. त्याचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

तेल घालताना नवशिक्याचा हात नेहमी सढळ पडतो. बॅलन्स आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांना मोबियस ९०१० हे पातळ तेल, हळू फिरणाऱ्या पण जोर झेलणाऱ्या जागांना डी-५ हे दाट तेल, पॅलेटच्या खड्यांना त्यांचं वेगळं तेल. पॅलेटचे पिव्हट कोरडेच. ज्वेलची (पिव्हट ज्यात फिरतो त्या खड्याची) वाटी अर्धी-पाऊण भरली की थांबायचं. जास्तीचं तेल हेअरस्प्रिंगपर्यंत (बॅलन्सला जोडलेल्या बारीक गुंडाळीपर्यंत) गेलं तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागतं. चुंबकानेही हेच होतं, म्हणून आधी चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून फिरवून बघतो. चुंबकी बटणाच्या मोबाइल कव्हरपाशी रात्रभर ठेवलेली घड्याळं या तक्रारीने हमखास येतात.

मग टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाच्या चालीचा आलेख काढणारं यंत्र. पूर्ण चावी, तबकडी वर. अॅम्प्लिट्यूड (बॅलन्स एका बाजूला किती झुलतो ते) २७० अंशांच्या आसपास असेल तर छान, २२० च्या खाली असेल तर पुन्हा खोलायचं. बीट एरर, म्हणजे टिक आणि टिकमधल्या वेळांतला फरक, एका मिलिसेकंदाच्या आत हवा. जुन्या एचएमटीकडून दिवसाला तीस सेकंदांच्या आतला फरक आम्ही ठीक मानतो. त्याहून जास्त अचूकपणा हवा असेल तर क्वार्ट्झ आहेच की.

एक बिघाड मात्र टाइमग्राफरलाही चकवतो. आलेख सरळ, अॅम्प्लिट्यूड उत्तम, सेकंद काटा बरोबर, आणि तरी घड्याळ दिवसाला पंधरा मिनिटं मागे. अशा वेळी बॅलन्सला हात लावायचा नाही. कॅनन पिनियन, म्हणजे मिनिट काटा जिच्यावर बसतो ती नळी, सैल झालेलं असतं: चाकं नीट फिरतात, पण ही नळी त्यांच्यावर घसरते. काटे जुळवताना चावी लोण्यासारखी फिरली तर हीच शंका घ्यावी. नळीत गुळगुळीत सुई घालून, ठरलेल्या जागी किंचित दाबून ती घट्ट करतात. दाब जास्त झाला तर नळी चिरते किंवा काटे जुळवताना चाकांवर ताण येतो.

जून ते सप्टेंबर इथलं दमट हवामान आमच्याकडे काम पाठवतं. चावीचं गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) वाळलेलं असतं, घाम आणि वाफ तिथून आत शिरते, स्टेम (चावीची आत जाणारी दांडी) आणि तिला धरणाऱ्या सेटिंग लिव्हरच्या स्प्रिंगवर गंज धरतो. काचेआत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पिठाची धूळ आत जाते. चावी बाहेर ओढून ठेवा आणि त्याच दिवशी आणा. चार दिवस थांबलात तर स्टेम बदलायचाच.

अलीकडे शनिवारी दुपारी एक टेबल शिकणाऱ्यांसाठी मोकळं ठेवतो. ०.८ ते १.६ मिलिमीटरचे स्क्रूड्रायव्हर, तीन आणि पाच नंबरचे चिमटे, भिंग, मशीन धरायची चौकट आणि भंगारातलं एक मशीन एवढ्यावर सुरुवात होते. पहिलं संकट बहुधा क्राउन व्हीलच्या (चावीचा जोर मेनस्प्रिंगकडे नेणाऱ्या चाकाच्या) स्क्रूचं. बऱ्याच मशीनमध्ये त्याचे आटे उलटे असतात आणि जोर लावणाऱ्याच्या हातात डोकं तुटून येतं. वडिलांचं घड्याळ पहिल्याच दिवशी खोलायला आम्ही साफ नाही म्हणतो.

सुट्या भागांची ओढाताण मात्र कायम आहे. एचएमटीसाठी बंद पडलेली मशीन चोर बाजारातून अजून मिळतात, त्यातले चांगले भाग निवडून ठेवतो. झटका झेलणारी रचना नसलेलं जुनं स्विस घड्याळ फरशीवर पडलं की बॅलन्स स्टाफचं (बॅलन्सच्या आसाचं) टोक मोडतं, आणि तो स्टाफ तयार मिळेलच असं नाही. लेथवर करून घ्यायचा किंवा दुसऱ्या मशीनची वाट बघायची. अशा घड्याळाच्या पावतीवर तारखेच्या जागी आम्ही 'स्टाफ मिळाल्यावर' असं लिहून देतो.