डंकाचं नाव आणि दोन महिन्यांची मुदत

आमच्या मसाल्याच्या नावाच्या नोंदणीवर एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली, तिची नोटीस आमच्या ट्रेडमार्क एजंटाच्या ईमेलमध्ये ४१ दिवस पडून होती. मला कळलं ते भलत्याच वाटेने. पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला, "ताई, सध्या माल पाठवू नका. तुमच्या नावावर केस झालीय म्हणतात." त्याला हे सांगितलं होतं त्या मोठ्या कंपनीच्या विक्री करणाऱ्या माणसाने. चार दिवसांनी वकिलाचं पाकीट घरी आलं. सात दिवसांत नाव बंद करा, शिल्लक माल आणि छापील पाकिटं आमच्या ताब्यात द्या, पुन्हा हे नाव वापरणार नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या, आणि नुकसानभरपाई म्हणून १५ लाख रुपये भरा. आमची वर्षाची उलाढाल तेव्हा ११ लाख होती.

आम्ही वडूजजवळ राहतो, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या हातचा कांदा-लसूण मसाला आधी गल्लीत जायचा, मग बाजाराच्या दिवशी टोपलीतून जायला लागला. २००९ साली आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा डंक, म्हणजे मुसळांनी मसाला कुटायचं यंत्र, बसवला आणि पाकिटावर लेबल आलं : 'शकूआत्या डंक मसाला'. आमच्याकडे चक्कीवर दळलेल्या आणि डंकावर कुटलेल्या मसाल्यातला फरक लहान पोरसुद्धा वासावरून सांगतं. चक्कीत तिखट तापतं. डंकाचे मुसळ वरून पडतात, मिरची, धणे, तीळ, खोबरं हळूहळू फुटतं, तेल सुटतं, आणि लसूण सगळ्यात शेवटी. कराडपासून लालबागच्या मिरची गल्लीपर्यंत मसाला कुटणारे या यंत्राला डंकच म्हणतात. तो शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकतो, असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

कंपनीकडे मात्र 'डंक' या शब्दाची नोंदणी होती. वर्ग ३०, म्हणजे मसाले, चहा, पीठ वगैरे ज्यात येतं तो वर्ग. आम्ही २०२१ साली नोंदणीला अर्ज केला, सरकारी फी ४,५०० रुपये. छोट्या उद्योगाला आणि एकट्या माणसाला ही निम्मी फी असते, बाकीच्यांना ९,०००. तपासणी झाली, अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. हे जर्नल दर सोमवारी निघतं. प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि मोठ्या कंपन्यांची माणसं हे जर्नल दर आठवड्याला चाळतात. चार महिने संपायला थोडे दिवस असताना आमच्यावर हरकत दाखल झाली.

वकिलाचं पाकीट आलं त्या रात्री यांचं म्हणणं होतं, नाव बदलून टाकू. मीही तयार होते. पण छापील पाकिटं ३०,००० पडून होती, आणि आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं नाव काढायचं का डंकाचं?" मला उत्तर देता आलं नाही.

गावातले वकीलसाहेब जमिनीचे दावे चालवतात. त्यांनी सरळ सांगितलं की हे माझं काम नाही, आणि पुण्यातल्या एका वकील मॅडमचा नंबर दिला. त्यांच्या या प्रामाणिकपणाचे उपकार मी विसरणार नाही. मॅडमनी पहिला प्रश्न १५ लाखांबद्दल विचारला नाही. त्यांनी विचारलं, "हरकतीची नोटीस एजंटाला कोणत्या तारखेला मिळाली?"

तेव्हा मला समजलं की धमकीचं पाकीट आणि ही हरकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरी घाई हरकतीची आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, त्याचं कलम २१. हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत आपलं प्रत्युत्तर दाखल झालं नाही, तर आपण अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. तुमचं म्हणणं खरं की खोटं, हे कोणी बघतच नाही. ही मुदत वाढवूनही मिळत नाही. आमचे ४१ दिवस गेले होते, त्यावर दुकानदाराचा फोन, पाकीट आणि रडारड यात आणखी सहा. मॅडम म्हणाल्या, त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक मुदत संपल्यावर येतात. मला त्या निम्म्यांचा फार विचार येतो. त्यांची बाजू कुठल्याच कागदावर नाही.

प्रत्युत्तर वेळेत गेलं, फी २,७०० रुपये. त्याच आठवड्यात मॅडमनी दुसरं काम केलं : कॅव्हेट. या कायद्यात फिर्यादी कंपनीला स्वतःचा धंदा जिथे चालतो तिथल्या कोर्टातही दावा लावता येतो, म्हणजे वडूजच्या माणसाला लांबच्या शहरात खेचता येतं. आणि पहिल्याच दिवशी, आपण हजर नसताना, तात्पुरती मनाई मिळवून कोर्टाचा माणूस माल सील करायला पाठवता येतो. आपण कॅव्हेट दाखल करून ठेवलं की आपलं ऐकल्याशिवाय तसा हुकूम सहसा होत नाही. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा करायचं. आम्ही तीनदा केलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८अ मला आता पाठ आहे.

मग मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कोणाचाही अर्ज फुकट बघता येतो. त्यात एक रकाना असतो, हे नाव कधीपासून वापरात आहे याचा. कंपनीचा अर्ज २०१४ चा होता आणि त्या रकान्यात लिहिलं होतं : प्रस्तावित वापर. म्हणजे २०१४ साली त्यांनी त्या नावाचं एक पाकीटही विकलं नव्हतं. आमचा डंक तेव्हा पाच वर्षं चालू होता.

कलम ३४ म्हणतं की नोंदणी झालेल्या मालकालासुद्धा त्याच्या आधीपासून तेच नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच सांगितलं, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीच्या वरचढ आहे. मॅडमनी आणखी एक निकाल दाखवला. कर्नाटकच्या दूध महासंघाचं 'नंदिनी' १९८५ पासूनचं, बंगळुरूच्या एका हॉटेलाचं 'नंधिनी डिलक्स' १९८९ पासूनचं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालय हॉटेलाच्या बाजूने उभं राहिलं. नंदिनी हे देवीचं, गाईचं नाव आहे, ते कोणी नव्याने घडवलेलं नाही, हाही त्यातला एक मुद्दा होता.

हे ऐकून मी म्हणाले, "मग आपणही तेच म्हणू, डंक हा सगळ्यांचा शब्द आहे!"

मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. "सगळ्यांचा म्हणालात तर तो तुमचाही राहणार नाही, ताई. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दाला सहसा नोंदणी मिळत नाही. आपण 'शकूआत्या डंक मसाला' हे पूर्ण लेबल मागतोय. आपण पुरावा द्यायचा तो वापराचा." हे गिळायला मला जड गेलं, आणि अजूनही जातं. जे मला मनापासून म्हणायचं होतं तेच माझ्या कागदात लिहिता येत नव्हतं.

पुरावा म्हणजे काय, ते सांगते. कलम ३४ मध्ये 'आधीपासून'च्या जोडीला 'अखंड' हा शब्द आहे. नुसतं २००९ चं बिल पुरत नाही, मधली वर्षं भरून दाखवावी लागतात. आम्ही माळा उपसला. कार्बनची बिलबुकं मिळाली, त्यातली अर्धी कोरी झाल्यासारखी दिसत होती, उजेडासमोर तिरकी धरली की अक्षर उमटायचं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने पहिल्या लेबलाची पावती शोधून दिली. अन्न परवान्याची नोंदणी, वीजबिल, बचतगटाच्या प्रदर्शनातला फोटो. त्या फोटोत आत्यांच्या मागे आमचा फलक आहे आणि त्यांनी नेसलेलं हिरवं लुगडं आहे. सगळी वर्षं भरली, एक सोडून.

२०१२-१३. त्या वर्षी माण-खटाव कोरडं पडलं होतं. जनावरं चारा छावणीत, प्यायचं पाणी टँकरचं. मसाला विकत घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते आणि आमच्याकडे मिरची घ्यायला. दोन-दोन महिने डंक बंद असायचा. आमच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष होतं ते, आणि आता तेच वर्ष कंपनीच्या वकिलांना हवं होतं. त्यांनी पुराव्यात मुद्दाम लिहिलं होतं, आमचा वापर 'तुरळक आणि खंडित' आहे. त्यांच्या पुराव्याची ६४० पानं होती, बहुतेक जाहिरातींच्या खर्चाची. आम्हाला उत्तराच्या पुराव्याला दोन महिने.

आत्यांनाच आठवलं. "दिंडीला दिलावता की गं मसाला." दरवर्षी आषाढात आमच्याकडून दिंडीच्या स्वयंपाकाला मसाला जातो, निम्मा विकत आणि निम्मा सेवा म्हणून. दिंडीचे महाराज तिसऱ्या गावात राहतात. आम्ही गेलो तेव्हा ते गोठ्यात होते. हात धुऊन त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि कापडात बांधलेल्या वह्या काढल्या. २०१३ च्या वहीत तेल, डाळ, गूळ यांच्या खाली निळ्या शाईत ओळ होती : 'शकूआत्या डंक – १२ किलो, पैकी ५ सेवा'. पानाच्या कोपऱ्यावर तिखटाचं बोट उमटलेलं होतं, तांबूस, अजून पुसलं न गेलेलं. मी ते पान हातात धरून उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. महाराजांनी प्रतिज्ञापत्रावर सही करायला स्वतःच्या खर्चाने वडूजची वाट धरली.

पुरावा दाखल झाल्यावर सात-आठ महिने काही हललं नाही. मधल्या काळात एका ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणाहून आमचा मसाला काढून टाकला गेला. कंपनीची एक तक्रार पुरली, आम्हाला विचारलंही नाही. त्या दिवाळीला निम्मी विक्री गेली. या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग आला तो इथे. रजिस्ट्रीने काही ठरवलं नव्हतं, कोर्टाने ठरवलं नव्हतं, आणि शिक्षा चालू झाली होती.

२०२४ च्या पावसाळ्यात कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला. त्याच सुमारास पुण्याच्या 'बर्गर किंग'ची बातमी आली. कॅम्पातलं १९९२ पासूनचं हॉटेल, त्याच्यावर अमेरिकन कंपनीने २०११ साली लावलेला दावा जिल्हा न्यायालयाने फेटाळला. हे बातमी घेऊन पळत घरात आले, "बघ, जिंकले ते!" मला वाटलं, आता आपणही लढायचं. पण थोड्याच दिवसांत कंपनी अपिलात गेली आणि उच्च न्यायालयाने नाव वापरायला पुन्हा मनाई केली. पुढे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली, पण ते तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं? आम्ही बोटं मोजली. तेरा वर्षं, आणि जिंकूनही संपलेलं नाही. आत्या तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या.

आम्ही तडजोड केली. आमचा माल मसाला आणि चटण्या एवढाच राहील, 'शकूआत्या' आणि 'डंक' ही अक्षरं एकाच आकाराची असतील, त्यांच्यासारखा लाल तिरका अक्षरप्रकार आम्ही वापरणार नाही. त्यांनी हरकत मागे घ्यायची, १५ लाखांची मागणी सोडायची आणि ऑनलाइनची तक्रार काढायची. 'नाव बदलण्याचा खर्च' म्हणून त्यांनी आधी एक रक्कम देऊ केली होती, ती आम्ही घेतली नाही. आमचे एकूण एक लाख ८० हजार गेले, त्यातले ६०,००० माझ्या भावाचे अजून द्यायचे आहेत. नोंदणीचं प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी आलं. आत्यांनी ते वाचून घेतलं, घडी न घालता देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि डंक चालू करायला सांगितला, मिरची वाळून तयार होती.

मला निकाल हवा होता. कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं की या बाईचं बरोबर होतं. ते मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात पुसेगावकडचा एक डंकवाला घरी आला. तो मसाला विकत नाही, लोकांची मिरची कुटून देतो, किलोमागे पैसे घेतो. त्याच्या पाटीवर 'डंक' एवढंच लिहिलेलं होतं. त्यालाही तसंच पाकीट आलंय, आणि घाबरून त्याने पाटीवर चुना फासलाय. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्याची गोष्ट वेगळी. त्याने कुठे अर्जच केलेला नाही. तो काय काम करतो हे सांगायलाच तो शब्द वापरतो, आणि त्यासाठी कायद्यात कलम ३० आहे. जे मला लिहिता आलं नाही ते त्याला लिहिता येईल, हा सगळ्यांचा शब्द आहे म्हणून. पाकिटावर उत्तराला पंधरा दिवस दिलेत, त्यातले सहा गेले. मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं पुण्याला निघतोय. येताना पाटीचा जुना फोटो आण, चुना फासायच्या आधीचा, असं मी त्याला सांगून ठेवलंय.