अर्धा टक्का मतं आणि थेट सिनेट

2024 च्या जूनमध्ये विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मतपत्रिकेवर पसंतीक्रमाचा आकडा लिहिला. त्यांनीच दिलेलं जांभळं स्केचपेन, त्याची शाई जरा पसरत होती. 1 टाकला, पुढे 2 कोणाला द्यायचा ते कळेना म्हणून घडी घालून पेटीत टाकून मोकळा झालो. आणि परत येताना मला रिकी म्यूर आठवला.

हा ऑस्ट्रेलियातला बाबा. गाड्यांच्या शौकिनांचा एक छोटासा पक्ष, त्याचा उमेदवार. लाकडाच्या गिरणीत काम करायचा, ती नोकरीही गेलेली. 2013 ला व्हिक्टोरिया राज्यातून सिनेटला, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाला, उभा राहिला आणि पहिल्या पसंतीची मतं पडली 0.51 टक्के! निवडून यायला कोटा लागतो साधारण 14.3 टक्के. पण तिथे तेव्हा मतदाराने एका पक्षाच्या चौकटीत नुसता 1 लिहिला की पुढचे सगळे पसंतीक्रम तो पक्षच ठरवायचा, म्हणजे माझ्यासारख्या आळशी माणसाची सोयच की. छोट्या पक्षांनी आपसात साटंलोटं केलं आणि मतं फिरत फिरत याच्या पदरात पडली.

शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे डिपॉझिट जप्त झालं असतं रे त्याचं."

लोकांनी त्याची टर पण खूप उडवली. कांगारूच्या लेंड्या फेकतानाचा त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, टीव्हीवरच्या मुलाखतीत साध्या प्रश्नाला असा अडखळला की मध्येच थांबायला लागलं. मला तरी ते बघताना वाईटच वाटलं, आपल्याला ऑफिसच्या मीटिंगमध्ये बॉसने अचानक विचारलं की आपलं काय होतं!

पण 2014 च्या डिसेंबरमध्ये निर्वासितांच्या तात्पुरत्या व्हिसाचं बिल आलं तेव्हा सगळं याच्या मतावर अडलं. बिल पास झालं तर ख्रिसमस आयलंड या बेटावरच्या छावणीत अडकलेली निर्वासितांची मुलं सुटणार होती, पण बिलातल्या बाकीच्या गोष्टी कडक. शेवटी जड मनाने हो म्हणाला. बरोबर केलं का? मला अजून ठरवता येत नाही.

2016 ला आधी पसंतीक्रम वाटायची ती पद्धतच बदलली. मग बांधकाम क्षेत्रावर नजर ठेवणाऱ्या आयोगाचं बिल आलं, याने विरोधात मत दिलं, बिल पडलं आणि त्याच कारणावरून दोन्ही सभागृहं बरखास्त. सहा वर्षांची टर्म दोन वर्षांत आटोपली, जुलैच्या निवडणुकीत हरला.

काका म्हणाले, "दोन वर्षं पगार तरी मिळाला ना?"