दहा जण खेळल्याशिवाय मॅप कळत नाही : परीक्षक म्हणून माझा अनुभव

ठाण्यात वर्तकनगरजवळच्या आमच्या गेमिंग कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या पोरांनी यंदा मॅप बनवायची स्पर्धा ठेवली. काउंटर-स्ट्राइक हा दोन संघांचा बंदुकींचा कॉम्प्युटर गेम, आणि मॅप म्हणजे तो ज्या जागेत खेळतात ती जागा. बॉम्बच्या मॅपमध्ये एक संघ दोन ठरलेल्या जागांपैकी, म्हणजे साइटपैकी, एकीवर बॉम्ब लावायला बघतो आणि दुसरा संघ त्या राखतो. अट एवढीच : मॅप स्वतः बनवलेला हवा, बॉम्बचा हवा आणि पाच विरुद्ध पाच खेळता यायला हवा. ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोलीहून मॅप आले. परीक्षणाला कॅफेवाले दादा, ऐरोलीच्या एक ताई आणि मी. ताई स्वतः बरीच वर्षं मॅप बनवतात. मी बनवत नाही, पण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून या खेळाची १.६ ही जुनी आवृत्ती खेळत मोठा झालोय आणि मॅप हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

या खेळात हौशी माणसाच्या कामाला मान आहे, तो उगाच नाही. काउंटर-स्ट्राइक हाच मुळात १९९९ साली हाफ-लाइफ या गेमवर हौसेने केलेला मॉड, म्हणजे त्यातच फेरफार करून बनवलेला नवा खेळ. डेव्ह जॉन्स्टनने डस्ट हा मॅप बनवला तेव्हा तो विशीतही नव्हता, आणि २००१ मध्ये आलेला त्याचा डस्ट-२ आजही लोक खेळतात. त्यामुळे डोंबिवलीच्या कुठल्याशा कॉलेजच्या पोराने पाठवलेली फाइल उघडताना मला ती गंभीरपणेच उघडावीशी वाटते.

सुरुवातीलाच आमचा वाद झाला तो गुणांवरून. दादांच्या कागदावर दिसणं, कल्पकता आणि खेळ यांना सारखे गुण होते. ताई म्हणाल्या, "दादा, लोक मॅप बघायला येणार नाहीयेत, खेळायला येणार आहेत." शेवटी शंभरातले साठ गुण खेळाला ठेवले आणि बाकीचे दिसणं, वाट सापडणं आणि तांत्रिक सफाई यांत वाटले. बनवणाऱ्यांची नावंही फाइलींवरून काढून टाकली, कारण आमच्या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात.

आधी प्रत्येक मॅपमध्ये मी एकटाच फिरलो. रिकाम्या मॅपमध्ये काही गोष्टी लगेच कळतात. पायऱ्यांच्या कडेला पाय अडकतो का, खिडकीच्या चौकटीत माणूस रुततो का, साइट कुठल्या दिशेला आहे हे पाटी न वाचता समजतं का. बॉम्ब मी मुद्दाम वाटेल तिथे फेकून पाहत होतो : छपरावर, कठड्यापलीकडे, गटारात. तो जाऊन अशा जागी पडला की कुणाला उचलताच येत नाही, तर पुढचा अख्खा राउंड वाया. एकमेकांच्या डोक्यावर चढून कुठवर पोचता येतं, हेही बघावं लागतं. २०१४ च्या ड्रीमहॅक विंटर स्पर्धेत फ्नॅटिक या संघाने ओव्हरपास या मॅपवर अशीच एक जागा वापरली होती. एलडीएलसी संघाविरुद्धच्या त्या सामन्याच्या निकालावर एवढा गदारोळ झाला की फ्नॅटिकने स्पर्धेतून माघार घेतली, आणि पुढे मॅपही दुरुस्त झाला. कंपनीच्या मॅपमध्ये जे सुटतं ते हौशी मॅपमध्ये सुटणारच. शोधणं हे परीक्षकाचं काम.

मग स्टॉपवॉच. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मला सगळ्यात जास्त याच भागाने शिकवलं. राउंड सुरू झाल्यावर दोन्ही बाजू एखाद्या जागी किती सेकंदांनी पोचतात, यावर तिथली लढाई ठरते. चाकू हातात असेल तर माणूस सेकंदाला २५० युनिट (खेळातलं अंतराचं माप) धावतो, एके-४७ घेऊन २१५. म्हणजे हत्यार कधी बाहेर काढलं यानेही वेळ बदलते, म्हणून सगळी मोजणी आम्ही चाकू घेऊनच केली. राखणारे साइटवर थोडे आधी पोचायला हवेत, पण इतकेही आधी नाहीत की पाय रोवून, स्मोक म्हणजे धुराचं नळकांडं टाकून, नेम धरून बसतील. दुसरं मोजमाप एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जायचं. बॉम्ब लागल्यावर फुटायला ४० सेकंद असतात, आणि बॉम्ब निकामी करायचं किट नसेल तर त्याला त्यातले १० जातात. दुसऱ्या साइटवरून यायलाच जर पाऊण वेळ लागत असेल, तर तिथला माणूस येणार कशाला? तो पुढच्या राउंडसाठी बंदूक वाचवून बसून राहील.

हे सगळं झाल्यावर रविवारी सकाळी दहा पोरं बसवली. पहिला सामना आम्ही मोजायचा नाही असं ठरवलं होतं. त्यात सगळे वाटच शोधत असतात. नंतर बाजू बदलून, संघ मिसळून पुन्हा खेळवायचं, आणि रात्री डेमो, म्हणजे सामन्यांची रेकॉर्डिंग, बघत कोण कुठे मेलं त्याच्या खुणा कागदावर करायच्या.

एक मॅप तलावपाळीचा होता. मासुंदा तलाव, कठडा, बोटी, कडेच्या भेळेच्या गाड्या, संध्याकाळचा पिवळा उजेड. मॅप पडद्यावर आला तशी कॅफेतली पोरं खुर्च्या सोडून बघायला आली. आपलं ठाणं असं पाहून मलाही भरून आलं. खेळ सुरू झाला आणि दिसलं की कठड्यालगतची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे. राखणाऱ्यांपैकी एक जण ऑप (लांबून नेम धरायची स्नायपर बंदूक) घेऊन टोकाला उभा राहिला की तिकडून कुणी येईना. स्मोक विरला की पहिला माणूस गेलाच. दुसऱ्या सामन्यापासून हल्ला करणारे तलावाकडे फिरकेनासे झाले, सगळे मागच्या गल्लीतून. माझ्या कागदावर तलावाची बाजू जवळजवळ कोरी होती. मॅपचा सर्वांत देखणा भाग कुणी वापरतच नव्हतं.

कॅफेतल्या जुन्या मशिनींवर तोच मॅप अडखळतही होता, आणि कारण तेच निघालं. ताईंनी समजावून सांगितलं : भिंतीआड जे दिसत नाही ते मशिनला काढावं लागत नाही. इथे एका टोकाला उभं राहिलं की बोटी, गाड्या, झाडं सगळं एकदम दिसतं, म्हणून सगळंच काढावं लागतं. एकाच सरळ रेषेने खेळही मारला आणि वेगही.

दुसरा एक मॅप नुसत्या करड्या आणि नारिंगी चौकटींचा. एडिटरमध्ये कच्च्या आखणीला वापरतात तेच टेक्स्चर, बनवणाऱ्याने रंगकाम केलंच नव्हतं. पण त्यात राउंड शेवटच्या सेकंदापर्यंत ताणले जात होते. दोनच सामन्यांत पोरांनी जागांना आपोआप नावं दिली, टाकी, पाइप, दोन पायऱ्या, आणि हाक मारली की चौघांनाही नेमकी जागा कळत होती. उलट गोदीच्या एका सुंदर मॅपमध्ये सारखे दिसणारे कंटेनर एवढे होते की "कंटेनरमागे!" ओरडल्यावर "कोणत्या?" विचारेपर्यंत विचारणारा मेलेला असायचा. करड्या मॅपमध्ये दोष नव्हता असं नाही. दोनपैकी बी साइटला आत शिरायला जवळपास एकच वाट होती, तिथे राखणारे फार सुखात होते. पण हरलेला संघ उठायचं नाव घेत नव्हता, "अजून एक" म्हणत होता.

पहिला नंबर करड्याला, असं ताईंचं आणि माझं मत पडलं. दादा अस्वस्थ झाले. "पोस्टरवर काय लावू? राखाडी भिंत?" त्यांची अडचण खरी होती. पण माझं म्हणणं आजही तेच आहे : रंग, झाडं, पाट्या नंतर चढवता येतात. वाटा आणि वेळा बदलायला घेतल्या की सगळा मॅप पुन्हा उकलावा लागतो, आणि ते ज्याला पहिल्याच फटक्यात जमलं त्याने अवघड काम केलंय. दादांनी ऐकलं. पोस्टरवर मात्र तलावपाळीच लागली, आणि दिसण्याचं वेगळं बक्षीसही तिलाच गेलं.

नावं उघडली तेव्हा कळलं, तलावपाळी कळव्याच्या एका मुलीने बनवली होती. निकालानंतर ती थेट आमच्याकडे आली आणि डेमो मागितले. मी तिला खुणांचा कागदही दिला. कोरी बाजू तिने बराच वेळ बघितली, मग विचारलं, "काका, मध्ये बोटिंगचं तिकीटघर आणलं तर?" ताईंनी तिथेच मोजून दाखवलं की ते कठड्यापासून किती पुढे यायला हवं आणि वाट कुठे वळवावी लागेल. तिने नवी आवृत्ती पाठवली आहे. तिकीटघरामुळे रेषा तुटली आहे आणि मशिनही अडखळत नाहीत. पण वळणामुळे हल्ला करणाऱ्यांना तलावाकडून यायला आता किती जास्त वेळ लागतो, ते अजून मोजायचंय. येत्या रविवारी दहा जण जमले की आधी तेच.