धर्मग्रंथांत घडलेलं किती आणि रचलेलं किती

धर्मग्रंथांवर बोलणं सुरू झालं की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळं घडलेलं आहे, अक्षरन् अक्षर, आता तर पुरावेही सापडतायत. दुसरी म्हणते सगळ्या भाकडकथा, शहाण्या माणसाने सोडून द्याव्यात. मला दोन्हीकडे बसवत नाही, आणि ते सगळ्यांना खूश ठेवायचंय म्हणून नाही, माझं मत चांगलं ठाम आहे, फक्त ते ह्या दोन्हींपैकी नाहीये.

पहिल्या पार्टीला मला सांगावंसं वाटतं की जे लोक ह्या ग्रंथांसाठी आयुष्य वेचायचे ते तुमच्यापेक्षा मोकळेपणाने वाचत होते. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्य सरळ म्हणतात की अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. मीमांसकांचं बघा, वेद कुणी रचलेलाच नाही असं मानणारी ही मंडळी, त्यांच्याइतका वेदाचा कट्टर वकील सापडणार नाही, पण 'यज्ञातला खांब म्हणजे सूर्य' असं वाक्य आलं की ते शांतपणे सांगतात हा अर्थवाद आहे, स्तुती आहे, शब्दशः घेऊ नका. ज्यूंच्या तालमूदमध्ये, म्हणजे त्यांच्या पंडितांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, एका पंडिताचं मत नोंदवलंय की बायबलमधला ईयोब नावाचा माणूस कधी झालाच नाही, ती एक दृष्टांतकथा आहे. बाकीचे त्याच्याशी वाद घालतात, पण त्याचं मत खोडून टाकत नाहीत, तेही ग्रंथातच राहतं. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन विचारतो की बायबलमधल्या सृष्टीच्या कथेत सूर्यचंद्र चौथ्या दिवशी निर्माण झाले तर आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ झाली कशी. आणि बाराव्या शतकात मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द लिहून जातो की सत्य सत्याच्या विरोधात जात नाही, म्हणून पक्क्या पुराव्याने एक सिद्ध झालं आणि वचनाचा वरवरचा अर्थ वेगळा निघाला तर त्या वचनाचा अर्थ नव्याने लावायचा.

तेव्हाची सामान्य माणसं ह्या गोष्टी घडल्यात असंच मानत असणार, ते मी नाकारत नाही. पण अक्षरशः वाचलं तरच श्रद्धा खरी, ही अट ह्या थोर वाचकांनी घातली नव्हती.

आता महाभारतातली ती जागा घ्या, जी मी कितीही वेळा वाचली तरी पुढे लगेच जाता येत नाही. युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा. द्रोणाचार्यांना तो सांगतो अश्वत्थामा मेला, 'हत्ती' हा शब्द ऐकू येणार नाही असा पुटपुटतो, आणि त्या क्षणी रथ जमिनीला टेकतो. घडलेलंच आहे म्हणणारा इथे लगेच प्राचीन तंत्रज्ञान शोधायला लागतो, आणि थापा म्हणणारा हसून पान उलटतो, आणि दोघांच्याही हातून ते वाक्य निसटतं. आयुष्यभर खरं बोललेला माणूस एका अर्धवट खोट्यामुळे बाकी सगळ्यांसारखा झाला, हे ह्याहून कमी शब्दांत कसं सांगाल? रथ खरोखर तरंगत होता असं सिद्ध झालं तर ह्या वाक्यात काय भर पडणार आहे?

पुराव्यांचंही तेच. १९५०-५२ मध्ये हस्तिनापूरला बी. बी. लाल यांनी उत्खनन केलं, तिथे करड्या रंगाची चित्रित मातीची भांडी मिळाली, मोठ्या पुराची खूण मिळाली, आणि पुराणांतही हस्तिनापूर गंगेच्या पुरात गेल्याचा उल्लेख आहे. मला ह्याचं मनापासून कुतूहल आहे. पण पुराची खूण पुराबद्दल सांगते, रणांगणावर कृष्ण काय बोलला ते सांगू शकत नाही. आणि घडलेलं म्हणजे नेमक्या कुठल्या पोथीतलं? भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ देऊन बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, त्यात गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट मूळ संहितेत न राहता परिशिष्टात गेली, कारण ती नंतर आलेली दिसते. ज्यांनी हे काम केलं त्यांचं ग्रंथावर प्रेम होतं म्हणूनच त्यांनी एवढं खपून ते केलं.

दुसऱ्या पार्टीवर माझा राग थोडा वेगळ्या कारणाने आहे. नुसत्या गोष्टी आहेत म्हणून सोडून देता येतात, हे ज्यांना त्या गोष्टींची झळ बसली नाही त्यांनाच परवडतं. बायबलमधल्या नोहाने नातवाला, कनानला, दिलेला शाप घेऊन अमेरिकेतले गुलामांचे मालक सांगायचे की काळ्या माणसांची गुलामी देवाने ठरवलीय, खरंतर त्या कथेत कातडीच्या रंगाबद्दल एक शब्द नाही. आणि त्याच बायबलमधली इजिप्तमधून सुटकेची गोष्ट ते गुलाम स्वतःची म्हणून गात होते, लोकांना पळवून मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमनला मोझेस म्हणत होते. सहा लाख पुरुष बायकापोरांसह सिनाईच्या वाळवंटातून गेल्याच्या खुणा पुरातत्त्वाला सापडलेल्या नाहीत, पण म्हणून त्या गाणाऱ्यांना तुम्ही काय सांगणार, हे खोटं आहे, गाऊ नका?

आणि ग्रंथांत नुसत्या कथा नसतात, हुकूम पण असतात. हुकूम घडलेला नसतो की रचलेला नसतो, तो पाळला जातो किंवा मोडला जातो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती त्यातला इतिहास चुकीचा होता म्हणून नाही, त्यातल्या नियमांनी माणसं चिरडली जात होती म्हणून.

म्हणून मला जोतीराव फुल्यांची वाचायची पद्धत फार मोलाची वाटते. १८७३ च्या 'गुलामगिरी'त, जे पुस्तक त्यांनी गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी दशावतारांवर विश्वासही ठेवला नाही आणि ते थापा म्हणून फेकूनही दिले नाहीत. त्यांनी विचारलं, ही गोष्ट सांगतंय कोण, आणि बळीला पाताळात घातल्यावर फायदा कोणाचा झाला. त्यांनी मांडलेला इतिहास, म्हणजे एकेक अवतार हा बाहेरून आलेल्यांचा एकेक म्होरक्या वगैरे, मला जसाच्या तसा पटत नाही, त्याला तसा पुरावा नाही. पण प्रश्न बरोबर होता. कथा वाचताना मी कथेला पूर्ण शरण जातो, तिथे मला पुरावा नको असतो. पण त्याच कथेच्या आधाराने कुणी एखाद्या बाईला किंवा एखाद्या जातीला तुझी जागा ही म्हणून सांगायला लागला की मी हा प्रश्न विचारतो, आणि समोरच्याने ते वचन साक्षात देवाचं आहे म्हणून सांगितलं तरी विचारतो.