आमच्या जुन्या फायर स्टेशनसाठी दारोदार मतं मागितली, तो अनुभव

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेला जंगलाला लागून जे सबर्ब वाढलेत त्यातल्या एकात आम्ही राहतो. आमच्याकडे फायर ब्रिगेड शहराची नाही, फायर डिस्ट्रिक्ट म्हणून वेगळीच संस्था असते, तिचा निवडून आलेला बोर्ड वेगळा, प्रॉपर्टी टॅक्स वेगळा. नवीन स्टेशन बांधायचं तर बोर्डाने ठराव करून भागत नाही, लोकांकडून बॉन्ड, म्हणजे कर्जरोखे, मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे मतपत्रिकेवर सरळ प्रश्न असतो की एवढं कर्ज काढू का आणि ते तुमच्या घराच्या टॅक्समधून वीस वर्षं फेडाल का. हो किंवा नाही. मी त्या 'हो'वाल्या कमिटीत काम केलं, आणि इकडचे आपले बरेच लोक मतपत्रिका आली की अध्यक्ष-सिनेटर बघतात आणि खालचं सगळं रिकामं सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी यात पडलो ते मुलीमुळे. स्टेशन बघायला लोकांना बोलावलं होतं, तिला लाल गाडी बघायची होती म्हणून गेलो. इमारत १९७०च्या दशकातली, तेव्हा सगळे व्हॉलंटियर होते, भोंगा वाजला की घरून पळत यायचे, त्यामुळे राहायची सोयच नव्हती, नंतर मागच्या खोलीत पार्टिशन टाकून बेड लावलेत, बायका आणि पुरुष दोघांना एकच बाथरूम. पण मला हादरवलं ते गाड्या ठेवायच्या जागेने. इंजिन, म्हणजे आग विझवायची गाडी, आत घेताना एक जण उतरून दोन्ही बाजूचे आरसे दुमडतो, मग ड्रायव्हर इंच इंच करत आत घेतो, दोन्हीकडे चार बोटं जागा. शिडीवाली मोठी गाडी तर आत जातच नाही, ती दुसऱ्या स्टेशनला असते. आणि त्याच इंजिनच्या मागे, भिंतीला खिळ्यांवर, आगीत घालायचे कोट टांगलेले. मी एका कोटाला हात लावला तर बोटं काळी झाली. इंजिन चालू केलं की धूर थेट त्या कोटांवर, आणि शेजारच्या दारातून झोपायच्या खोलीत. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि आग विझवण्याचं काम २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या गटात. नवीन स्टेशनं आता त्यामुळेच वेगळी बांधतात, मळके कपडे धुवायची आणि ठेवायची जागा एकीकडे, झोपायची-जेवायची दुसरीकडे, मध्ये बंद दार.

भिंती काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकच्या, आत लोखंड जवळपास नाही. स्टेशनचा कॅप्टन म्हणाला मोठा भूकंप झाला आणि दाराची चौकट थोडी जरी वाकडी झाली तर शटर उघडणार नाही, गाड्या आतच अडकतील. हे ऐकून मी तिथेच थांबलो. मी लातूरचा आहे, ३० सप्टेंबर १९९३ ला शाळकरी वयाचा होतो. किल्लारीला आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीच्या भिंती अंगावर आल्या, हजारो माणसं गेली. त्यामुळे भूकंपात भिंत काय करते हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही. आमच्या इथे २००१ च्या फेब्रुवारीत ६.८ चा निस्क्वाली भूकंप झालाच होता, आणि समुद्राखालच्या कॅस्केडिया फॉल्टवर शेवटचा महाभयंकर भूकंप १७०० साली झाला, तसा पुन्हा होणार हे सगळेच भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. सिएटल शहराने हे ओळखून २००३ मध्येच लोकांकडून १६७ दशलक्ष डॉलर मंजूर करून घेतले आणि स्वतःची फायर स्टेशनं भूकंपाला टिकतील अशी केली. आम्ही त्यांच्या शेजारी बसून अजून जुन्या ब्लॉकच्या इमारतीत.

मी कॅप्टनला विचारलं, मग आम्ही हो म्हणायचं ना? तो म्हणाला सॉरी सर, याचं उत्तर मी युनिफॉर्ममध्ये देऊ शकत नाही. तेव्हा कळलं की वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने सरकारी पैसा, जागा, वेळ, ईमेल काहीही प्रचाराला वापरता येत नाही. डिस्ट्रिक्ट फक्त माहिती देऊ शकतं, खर्च किती, टॅक्स किती, बस. मत द्या म्हणायचं काम आमच्यासारख्या शेजाऱ्यांचं. त्यासाठी वेगळी कमिटी, प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या डिस्क्लोजर कमिशनकडे नोंदणी, कोणी किती पैसे दिले त्याचा हिशोब. हा नियम मला मनापासून पटला, कितीही त्रासाचा असला तरी.

आता खरी अडचण. साध्या बहुमताने बॉन्ड पास होत नाही. ६० टक्के हो लागतात, आणि वर मागच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या किमान ४० टक्के मतं यावेळी पडायला हवीत. म्हणजे दोन 'नाही' भरून काढायला तीन 'हो'. पहिल्यांदा प्रश्न एप्रिलच्या निवडणुकीत टाकला होता, निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले आणि तरी पडला. त्या रात्री कमिटीतल्या एक रिटायर्ड नर्स आहेत त्या फोनवर रडल्या. मला ही ६० टक्क्यांची अट आजही अन्यायाची वाटते, शाळा असो नाहीतर फायर स्टेशन, थोड्यांच्या हातात जास्त वजन जातं.

बोर्डाने मग आराखडा कमी केला, ट्रेनिंग टॉवर काढून टाकला, आणि नोव्हेंबरला पुन्हा प्रश्न टाकायचा ठराव केला. आम्ही शनिवार-रविवार दारोदार. इथे एक सांगतो, पत्रकं लोकांच्या मेलबॉक्समध्ये टाकायची नाहीत, तो डबा फक्त पोस्टाचा, गुन्हा आहे तो. दाराच्या कडीला अडकवायची किंवा हातात द्यायची.

लोक काय विचारायचे ते जवळपास ठरलेलं. हे पैसे पगारात जाणार ना? नाही, बॉन्डचा पैसा बांधकाम आणि तसल्या भांडवली खर्चालाच, पगाराला वापरताच येत नाही. मग एवढी वर्षं टॅक्स घेता तो कुठे जातो? हा प्रश्न सगळ्यात रास्त आणि उत्तर लांबलचक. नेहमीच्या टॅक्सची एकूण वसुली मतदारांच्या मंजुरीशिवाय वर्षाला १ टक्क्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही, नवीन बांधकामाची भर सोडून. २००१ मध्ये लोकांनीच मतदानाने हा नियम केला, कोर्टाने रद्द केला, विधिमंडळाने २००७ मध्ये परत आणला. पगार, डिझेल, औषधं, विमा सगळं त्याहून वेगाने वाढतं, त्यामुळे इमारतीसाठी बाजूला काही उरतच नाही. हे मी दारात उभं राहून समजावायला लागलो की निम्मे लोक कंटाळायचे, म्हणून शेवटी आकडा आधी सांगायला लागलो. समजा हजार डॉलर किमतीमागे २० सेंट, तर आठ लाखाच्या घराला वर्षाला १६० डॉलर, महिन्याला तेरा-चौदा. हे सांगितलं की माणूस ऐकतो, मग तो हो म्हणो की नाही म्हणो.

एक आजी होत्या, घरात एकट्या, त्या म्हणाल्या मला माझ्या पेन्शनमध्ये हे परवडत नाही. त्यांना सांगितलं की वय ६१ किंवा त्याहून जास्त आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर असल्या जादा टॅक्समधून पूर्ण सूट आहे, काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) असेसर ऑफिसात, जिथे टॅक्ससाठी घरांची किंमत ठरते, अर्ज करा. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना मत काय देणार ते विचारलं नाही, अर्ज कुठे मिळतो ते कागदावर लिहून दिलं. खरं तर ही माहिती टॅक्सच्या बिलावरच ठळक छापायला हवी.

विरोधकांचं म्हणणं मतदार पुस्तिकेत आमच्या म्हणण्यासोबतच छापतात. त्यात लिहिलं होतं की आम्हाला ताजमहाल नको. इकडे खर्चिक सरकारी इमारतीला लोक हे हमखास म्हणतात. त्यांच्यातल्या एका गृहस्थांशी मी बोर्डाच्या मीटिंगनंतर पार्किंगमध्ये बराच वेळ बोललो. त्यांचा मुद्दा होता की बहुतेक कॉल तर मेडिकल असतात, आगीचे थोडेच, मग एवढं मोठं स्टेशन कशाला. कॉलचं खरंच आहे. पण मेडिकलला जाणारी माणसंही त्याच इमारतीतून निघतात, आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला मिनिटंच महत्त्वाची. ते काही बदलले नाहीत, पण आमचे आकडे चुकीचे आहेत असं त्यांनी पुन्हा कुठे म्हटलं नाही.

आपल्या मराठी लोकांचं वेगळंच. घर स्वतःचं, टॅक्स नियमित भरतात, पण एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असल्याने मत नाही. त्यांना मी एवढंच म्हणायचो की शेजाऱ्याशी बोला. जे सिटिझन झालेत त्यांची आणखी एक गंमत नाही तर अडचण सांगतो. इथे मतदान सगळं टपालाने, मतपत्रिका निवडणुकीच्या सुमारे अठरा दिवस आधी घरी येते, तिकीट लावावं लागत नाही, पाकिटावर सही करायची आणि ती सही मतदार म्हणून रेकॉर्डवर असलेल्या सहीशी जुळवतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी रेकॉर्डवर मराठीत सही केलेली आणि पाकिटावर इंग्रजीत. काउंटीचं पत्र आलं की सही जुळत नाही. त्यांना वाटलं काहीतरी लफडं झालं, पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. लेकाला दिसलं म्हणून बरं, सोबतचा फॉर्म भरून वेळेत पाठवला आणि मत मोजलं गेलं. घरात आई-वडील नवीन मतदार असतील तर हे एकदा विचाराच.

निकाल एका रात्रीत लागत नाही. रात्री आठला ड्रॉप बॉक्स, म्हणजे टपालाऐवजी मतपत्रिका टाकायच्या पेट्या, बंद होतात, थोड्या वेळात पहिला आकडा येतो, मग रोज दुपारी थोडी थोडी मतं. पहिल्या रात्री आम्ही ६० च्या किंचित खाली होतो. मग हळूहळू वर सरकलं आणि काउंटीने निकाल प्रमाणित केला तेव्हा पास.

आता बॉन्ड विकले गेलेत आणि डिझाइनवर मीटिंगा चालू आहेत. सध्याचा वाद आहे की गाड्या मागून आत येऊन पुढून निघतील असं आरपार बांधायचं का, त्याला जागा जास्त लागते पण रिव्हर्स घ्यावं लागत नाही. मी आरपारच्या बाजूने बोललो. बांधकाम चालू असताना क्रू कुठे ठेवायचा तेही अजून ठरायचंय, एका चर्चने पार्किंग देऊ केलंय, पण तिथून आमच्या टेकडीवर यायला जास्त वेळ लागतो, म्हणून पुढच्या मीटिंगला टेकडीवरचे जेवढे जमतील तेवढे जाणार आहोत.