हळद लागलेलं भांडं

पांढऱ्या बुडाच्या भांड्यात कोणी हळद घालेल हे ते भांडं बनवणाऱ्याच्या डोक्यात आलंच नसणार. रविवारी दुपारी जेवणं आटपली, मसुराची आमटी डब्यात काढली आणि बघते तर डच ओव्हन, म्हणजे इनॅमल चढवलेलं ते जड बिडाचं भांडं, आतून पिवळाधमक. साबण झाला, स्पंज झाला, बेकिंग सोडा घालून पाणी उकळून झालं, निम्मं गेलं निम्मं तसंच. शेवटी उचललं आणि बाल्कनीत उन्हात नेऊन ठेवलं. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडत मोठे झालोय आपण. पण पाच किलोचं केशरी भांडं वाळत घातलेलं बघून खाली कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी मान वर करून जो चेहरा केला... असो. संध्याकाळपर्यंत डाग बराच फिकटला.

हे भांडं घ्यायचं की नाही ह्यात मी फार वेळ काढला. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून भांड्यांच्या दुकानात गेलं की त्या शेल्फापाशी जायचं, झाकण उचलायचं, परत ठेवायचं, उलटं करून किंमत बघायची आणि पुढे जायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. ल क्रूझे ह्या फ्रेंच कंपनीचं साडेपाच क्वार्टचं, म्हणजे साधारण पाच लिटरचं, गोल भांडं चारशे डॉलरच्या पुढे. डॉलरला रुपयांनी गुणायची सवय इतक्या वर्षांत गेलेली नाही आणि भांड्यांच्या बाबतीत ती जाऊच नये असं माझं मत आहे. शेवटी सेलमध्ये एका साध्या कंपनीचं घेतलं, चौथ्या हिश्श्याहून कमी किमतीत. मैत्रीण म्हणत होती स्टाउब कंपनीच्या भांड्यासारखं आतून काळं बघ, डाग दिसत नाहीत. ऐकायला हवं होतं का? नाही, काळ्या बुडात कांदा किती लाल झाला ते कळत नाही, मला ते नाही चालत.

रंग मात्र हट्टाने केशरीच घेतला. आर्मां दसाजे आणि ऑक्ताव ओबेक ह्या दोन बेल्जियन माणसांनी १९२५ साली उत्तर फ्रान्समधल्या फ्रेनुआ-ल-ग्राँ गावात ल क्रूझेचा कारखाना काढला तेव्हा पहिलं भांडं ह्याच रंगाचं होतं. एकाला बीड ओतायची कला येत होती, दुसऱ्याला त्यावर इनॅमल चढवायची. इनॅमल म्हणजे शेवटी काचच, काचेची पूड लोखंडावर लावून आठशे डिग्री सेल्सिअसच्या आसपास भाजायची की ती वितळून चिकटून बसते. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी स्वस्तात ओतायची युक्ती त्याच्याही दोनशे वर्षं आधीची, अब्राहम डार्बी नावाच्या इंग्रजाने १७०७ मध्ये पेटंट घेतलेली. आणि आमच्याकडे अजून "ह्याला कुकरची शिट्टी कुठेय" असं विचारणारे पाहुणे येतात.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने फोन जवळ घे, लांब धर असं करत नीट बघितलं आणि म्हणाली, "इनॅमल? एवढे पैसे देऊन इनॅमल आणलंस?" तिच्या लेखी इनॅमल म्हणजे सरकारी दवाखान्यातलं बेसिन. मी म्हटलं अगं आत बीड आहे, आपल्या घावनाच्या तव्यासारखं. तर म्हणे मग तवा नेला असतास की इथून, मी कधीची म्हणतेय.

तिचंही बरोबर आहे. पण बिडाच्या तव्यावर घावन करावेत, त्यात चिंचेचा कोळ घालून बघा. आंबटाने लोखंड उतरतं, रस्सा काळपट होतो आणि तोंडाला एक चव येते ती दिवसभर जात नाही. मध्ये काच आली की ही भानगड मिटते, कोकम घाला, टोमॅटो घाला, आंबट ताक घाला. मी तर डाळिंब्यांची उसळही ह्यातच करते. गॅस, म्हणजे आमच्याकडे गॅस नाही, काचेची शेगडी आहे (त्यावर हे भांडं सरकवायचं नाही, उचलूनच ठेवायचं, नाहीतर ओरखडे), तर ती बंद केली तरी उसळ आपली निवांत शिजत राहते, वाल फुटत नाहीत. कुकरमध्ये पंधरा मिनिटांत जे होतं त्याला इथे सव्वा तास लागतो हे मान्य. रविवारी लागू दे.

फोडणी मात्र ह्या भांड्याला जमत नाही, किंवा मला ह्याच्यात जमत नाही. आमच्या थोरल्या काकांसारखं आहे ते, तापायला उशीर आणि निवायला त्याहून उशीर. कोरडं, मोठ्या आचेवर तापवायचं नाही, इनॅमल तडकतं. म्हणून तेल घालून मध्यम आचेवर वाट बघत उभं राहायचं, मोहरी तडतडेना म्हणून जरा आच वाढवली की एकदम सगळी तडतडते, मग घाबरून आच बंद करावी तरी जिरं काळं होतच राहतं कारण उष्णता सगळी बिडात साठलेली. मी आता सरळ कढल्यात वेगळी फोडणी करते आणि वरून घालते. फ्रेंच लोकांना कढलं माहीत नाही ह्याचं वाईट वाटतं.

झाकणाचं मात्र मानलं. झाकणच खरं म्हणजे अर्धं भांडं. इतकं जड की वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही, आतल्या आत पाणी होऊन खाली गळतं. फ्रान्समध्ये दूफू नावाचं एक भांडं मिळतं, त्याचं झाकण वरून खोलगट असतं आणि त्यात बर्फ ठेवायचा, म्हणजे झाकण गार राहून वाफ लवकर पाणी होते. हे वाचून मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. अरे, भेंडीच्या भाजीवर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतणारी आपली आई काय करत होती मग? (भेंडी नव्हे, भेंडीवर झाकण ठेवायचं नसतं. फरसबी. फ्लॉवर.) कोणाला फार कौतुक वाटलं नाही.

अमेरिकेत कॅम्पिंगला जातात त्यांचा डच ओव्हन अजून वेगळा, इनॅमल नसलेला, खाली तीन पाय आणि झाकणाला वर कड, त्या कडेच्या आत निखारे रचायचे. खाली निखारे, वर निखारे, मध्ये केक नाहीतर बिस्किटं. एका स्टेट पार्कमध्ये शेजारच्या तंबूतले आजोबा हे करत होते आणि मी निर्लज्जासारखी बघत उभी राहिले, कारण हे तर धोंडस.

चतुर्थीला गावी गेलो की धोंडस ठरलेलं, कुडाळच्या पुढे आमचं घर, मागच्या मांगरावर तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, वेल चढलेला असायचा. हाताएवढी मोठी जून तवशी. आजी ती किसायची, त्याच्या पाण्यातच तांदळाचा भाजलेला रवा भिजायचा, गूळ, खोबरं, वेलची, आणि हे सगळं जाड बुडाच्या टोपात, वर हळदीचं पान. मग चुलीतली लाकडं मागे ओढून खाली नुसते निखारे ठेवायचे आणि झाकणावर फावड्याने निखारे टाकायचे. आम्ही मुलं ओळीने बसलेली. झाकणाकडे हात गेला की आजी ओरडायची, "हात लावू नको गो!" तास-दीड तासाने टोप उतरायचा आणि तो निवेपर्यंत अजून एक तास कारण गरम काढलं तर मोडतं, आणि मग बुडाची खरपूस खरवड कोणाला ह्यावरून मारामारी. ती खरवड ओव्हनमध्ये केकच्या टिनात कधीच आली नाही मला. डच ओव्हनमध्ये आली. इथली काकडी म्हणजे नुसतं पाणी, तरी आली. साडेतीनशे फॅरनहाइटला तासभर झाकण ठेवून आणि शेवटी दहा मिनिटं झाकण काढून. हळदीचं पान इथे न्यू जर्सीत एडिसनच्या दुकानात फ्रोझन मिळतं.

तर ती खरवड उलथण्याने खरवडायला गेले, आणि थांबले, कारण ह्याला धातूचं उलथणं लावायचं नाही, लाकडी डाव घ्यायचा, नाहीतर इनॅमलचा टवका उडतो. आणि टवका म्हटल्यावर मला आमच्या पडवीतलं ताट आठवलं.

पांढरं, निळ्या काठाचं, काठावर तीन-चार ठिकाणी टवके उडून काळं लोखंड दिसणारं. सोबत तसाच एक मग. पडवीच्या कोनाड्यात पालथं ठेवलेलं असायचं, घरातल्या मांडणीवर कधी नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं ते. चतुर्थीला धोंडसाचा तुकडा त्यांनाही मिळायचा, चांगला मोठा मिळायचा, आजी हात आखडणारी नव्हती. वरून टाकायची त्या ताटात, ताटाला हात न लावता. खाऊन झालं की त्या विहिरीवर जाऊन ताट स्वतः धुवायच्या आणि कोनाड्यात पालथं घालायच्या. चुलीतली लाकडं त्यांनीच फोडलेली असायची, निखारे त्या लाकडांचेच.

आईला कॉलवर विचारलं, त्या ताटाचं पुढे काय झालं गं.

"तेव्हा सगळ्यांकडेच असायचं तसं," आई म्हणाली. मी ताट कुठे गेलं ते विचारत होते.