चंद्रभागेच्या माहेरी

सासूबाईंनी एकोणीस वर्षं पायी वारी केली. आळंदीहून निघायचं, डोक्यावर तुळस घेऊन अडीचशे किलोमीटर चालायचं, आषाढीला चंद्रभागेत बुडी मारायची आणि येताना तांब्याच्या गडूत तिचं पाणी भरून आणायचं, असा त्यांचा नेम. विसाव्या वर्षी गुडघ्यांनी नाही म्हटलं. तेव्हापासून आषाढात त्या कळव्याच्या घरी टीव्हीपुढे पाट टाकून बसतात. वाखरीचं रिंगण दाखवायला लागले की टाळ हातात घेतात. घोडा धावला की टाळ हातातच राहतो आणि डोळे वाहायला लागतात.

गेल्या कार्तिकात, दिवाळीचा फराळ संपत आला होता तेव्हा, त्यांनी देव्हाऱ्यातला तो गडू माझ्या हातात दिला. तोंड मेणानं बंद केलेलं, पोटाला एक पोचा. शेवटच्या वारीत जाताना नातेपुत्याला हातातून पडला होता, तेव्हाचा. आत त्याच वारीचं पाणी होतं.

"पंढरी आपलं माहेर," त्या म्हणाल्या. "पण चंद्रभागेचं माहेर कुठं असेल गं? तू बघून ये. हे पाणी तिथं ओत आणि तिथलं भरून आण. आणि लेकीच्या माहेरी जातेस, ओटी घेऊन जा."

चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपुराशी तिचं पात्र चंद्रकोरीसारखं वळतं, म्हणून तिथं ती चंद्रभागा होते. आणि भीमेचा उगम भीमाशंकरला, हे शाळेत पाठ केलेलं होतं. पण वारकरी घरात वीस वर्षं नांदूनही मी तो कधी पाहिला नव्हता, हे त्या दिवशी मनाला लागलं. मी आमच्या हरिपाठ मंडळात विषय काढला. अकरा जण तयार झाले. कार्तिकी एकादशीलाच उगमाशी असायचं असं ठरलं.

दशमीला पहाटे ठाण्याहून कर्जत लोकल धरली. कर्जतला उतरून टमटमनं कशेळेमार्गे खांडस. खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. शिडी घाटात कातळाला लोखंडी शिड्या लावल्यात, ती वाट जवळची पण अवघड. आम्ही दुसरी, गणेश घाटाची धरली. ती लांबून वळसा घेते, पण साठीच्या माणसालाही जमते. वाटेतल्या गणपतीला नारळ फोडून निघालो. पदरगडाचे सुळके एका अंगाला ठेवत दुपारी पदरवाडीला टेकलो आणि भाकरी-ठेचा सोडला. डोंगराच्या मधल्या सपाटीला सह्याद्रीत पदर म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. कुणा बाईनंच पहिल्यांदा उच्चारला असावा.

पदरापासून पुढची चढण खडी आहे. तिथं बोलणं बंद होतं आणि नुसतं नाम चालतं, तेही प्रत्येकाच्या श्वासाच्या तालावर. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्यात आंबेगाव तालुक्यातले एक काका होते. ठाण्यात उभा जन्म गेलेला, पण गाव भीमाशंकराच्या पायथ्याचं. त्यांनी आम्हाला कड्यापाशी थांबवलं. खाली कर्जतकडची खाचरं पिवळी पडलेली, आणि आपण सकाळपासून चालून आलो ती वाट झाडीत कुठंच दिसत नव्हती.

"इथं पडलेला पाऊस कड्यावरून खाली गेला," काका म्हणाले, "तर ओढ्या-नाल्यांतून उल्हास नदीला, आणि तिथून वसईच्या नि ठाण्याच्या खाडीला. तुमच्या कळव्याच्या पुलाखालून. आणि हाच पाऊस चार पावलं मागं पडला, तर भीमेला. पंढरपूर करून, कर्नाटकात कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला."

मी मागं वळून पाहिलं. चार पावलं म्हणजे खरंच चार पावलं नव्हेत, पण फार जास्तही नव्हेत. लोकलच्या दारातून रोज जी खाडी बघते तिचं आणि विठ्ठलाच्या पायाशी वाहणाऱ्या पाण्याचं आभाळ एकच, हे मला तिथं उभं राहीपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

देवळात जायला दोनशेच्या वर पायऱ्या उतराव्या लागतात. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे स्थान, त्यामुळे रांग होतीच. समोरच्या शनीच्या देवळापाशी मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ती असं सांगतात. आमच्या ठाण्याचा किल्ला त्याच मोहिमेत दोन वर्षं आधी मराठ्यांकडे आला होता, तोच आता तुरुंग आहे. दर्शन छान झालं. पण खरं सांगते, मनानं मी उद्याच्या वाटेवर होते.

रात्री हरिपाठ म्हणून पडलो. भजनात काकांनी त्रिपुरासुराची कथा सांगितली. त्याला मारून महादेव इथं विसाव्याला थांबले, त्यांच्या अंगातून घामाच्या धारा वाहिल्या आणि त्यांची भीमा झाली. लढून दमलेल्या देवाचा घाम नदी होतो, या कल्पनेत कष्टकरी माणसाचा केवढा मान आहे. पुढं भीमा देवळाशी उगम पावून जमिनीत लुप्त होते आणि रानात पूर्वेला पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. ती जिथं प्रकटते ते गुप्त भीमाशंकर. आम्हाला तिथंच जायचं होतं.

बिबट्याचं रान आहे, उजाडल्याशिवाय निघू नका, असं गावकऱ्यांनी बजावलं होतं. फटफटल्यावर निघालो. देवळाच्या बाजूनं वाट रानात शिरते आणि दहा-पंधरा पावलांत बाजाराचा आवाज बंद होतो. साक्षी विनायकाला हात जोडून पुढं गेलो. अंतर फार नाही, आमच्या चालीनं पाऊण तास. पण मी आजवर चाललेल्या कुठल्याही पाऊण तासासारखा तो नव्हता.

दिंडीत माणूस कधी एकटा नसतो. पुढं पताका, मागं टाळ, दोन्ही बाजूंनी माणसं. इथं वाट एकेरी. पुढच्या बाईची पाठ आणि पायाखालची मुळं एवढंच दिसतं. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या फांद्या वर एकमेकींत अशा अडकलेल्या की नोव्हेंबरातही जमीन ओली. पानं इतकी साचलेली की पाय टाकला की मऊ दबतो आणि उचलला की हळूहळू वर येतो. मी खाली बसून हात घातला. वरची पानं कोरडी, त्याखालची काळी आणि एकमेकांना चिकटलेली, त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि बोटभर खोल गेल्यावर नुसता गारवा. मूठ मिटली तर तळहात ओला झाला. पावसाळा संपून दीड महिना झाला होता.

"हेच धरून ठेवतंय," काका म्हणाले. मग चालता चालता त्यांनी समजावलं. सह्याद्रीचा दगड म्हणजे थरावर थर रचलेल्या भाकरींची चवड. काही थर भेगांचे, भोकाभोकांचे, त्यांतून पाणी मुरत जातं. खाली घट्ट कातळ किंवा लाल मातीचा थर लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही. मग ते थराच्या उतारानं आडवं सरकत राहतं आणि डोंगराचा उतार जिथं त्या थराला छेदतो तिथं बाहेर येतं. तो झरा. पाऊस पडतो चार महिने, पण रान असेल तर झरा तो जपून जपून देतो. रान तुटलं की तेच पाणी चार दिवसांत गढूळ होऊन निघून जातं. नदी लुप्त होऊन प्रकटते असं आपले लोक म्हणत आले, त्यात मला आता नुसती कथा दिसत नाही. ज्यांनी हे पाणी वर्षानुवर्षं पाहिलं त्यांनीच ते देवाच्या भाषेत सांगून ठेवलंय.

एवढ्यात वरून टकटकटक असा आवाज आला. शेकरू! तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब शेपटी. आमच्याकडे बघत ते फांदीवर आडवं पसरलं आणि क्षणात पलीकडच्या झाडावर गेलं, मधल्या मोकळ्या हवेत जणू फांदीच आहे असं. आपला राज्यप्राणी. १९८५ साली इथं अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्यासाठी, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, त्याला झाडाला झाड लागलेलं लागतं. म्हणजे त्याच्यासाठी राखलेल्या रानानंच भीमेचाही उगम राखला. आमच्यातल्या एका ताईंनी नकळत शेकरूला हात जोडले, आणि मग आम्ही सगळ्यांनीच जोडले.

वाट खाली उतरली आणि पाण्याचा आवाज आला. मला वाटलं होतं मोठा ओढा असेल. समोर होता काळा कातळ, त्यावरून सरकत येणारं पाणी आणि त्या पाण्याखाली लहानशी पिंड. धार माझ्या करंगळीएवढी. पावसाळ्यात हीच इतकी फुगते की पिंड दिसत नाही म्हणतात. पण कार्तिकात, आम्ही पाहिली तेव्हा, करंगळीएवढी.

कुणी काही बोललं नाही. बराच वेळ गेला. त्याच सकाळी पंढरपुरात लाखो लोक चंद्रभागेच्या वाळवंटात उतरले असतील आणि ती सगळ्यांना पुरत असेल. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला हिला मिळते. वारीत माऊलींच्या पादुकांना जिच्यात स्नान घालतात ती नीरा नरसिंहपूरला हिला मिळते. मुळा-मुठा, घोड, भामा, सगळ्या हिच्याच पोटात येतात. आठशे साठ किलोमीटर जायचंय हिला, आणि सुरुवात करतेय ती अशी, आवाजही न करता. मी ओंजळ धरली. भरायला वेळ लागला. पाणी इतकं गार की मनगटापर्यंत कळ गेली.

मग गडूचं मेण काढलं. पण ओतायला हात पुढं होईना. खालचं पाणी ते, कितीतरी घाटांवरून, गावांच्या गटारांजवळून आलेलं, वर गडूत वर्षानुवर्षं कोंडलेलं. ते या धारेत कसं मिसळू? आणि सासूबाईंचा शब्द कसा मोडू? काकांनीच तोड काढली. धारेपासून लांब, वरच्या अंगाला एक जुनं जांभूळ होतं. "याच्या मुळाशी घाला. माती गाळून घेते. जायचं तेवढंच खाली जाईल." मी पाणी मुळांवर हळूहळू सोडलं. पानांनी ते लगेच पिऊन टाकलं. लेक घरात शिरली की दार लोटून घ्यावं तसं.

गडू धारेखाली धरला. तांब्यात पाणी पडताना आधी टणटण, मग भरत जाताना आवाज बारीक होत गेला.

ओटी मात्र तिथं ठेवली नाही. कातळाच्या कडेला आधीच भिजलेले खण, अगरबत्तीची पाकिटं, तेलाच्या बाटल्या अडकून पडल्या होत्या. भक्तीनं आणलेल्या वस्तू आहेत हे कळतं, पण त्या पाण्यात कुजताना बघवत नाहीत. देवाला काही द्यायचं तर नदीचा गळा मोकळा ठेवावा, एवढं तरी आपण करायला हवं. आम्ही दोन पिशव्या भरून कचरा वर आणला.

परतीच्या वाटेवर एक आजी बसल्या होत्या, महादेव कोळी समाजाच्या. पुढ्यात फडक्यावर हिरडे आणि लिंबू-सरबताची बरणी. हिरड्याचं रान त्यांनीच लहानपणापासून वेचलेलं. मी खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी काढली आणि त्यांना पदर पुढं करायला सांगितलं. त्या मागं सरकल्या.

"माझी कसली ओटी आता, बाई. मालक जाऊन किती वर्सं झाली."

"तुमची नाही, नदीची आहे," मी म्हटलं. "तिच्या माहेरच्या बाईला द्यायची आहे."

त्यांनी जरा विचार केला. "मंग हितलीच हाय मी," म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी पदर धरला. तांदूळ पडताना त्यांचे हात थरथरत होते, की माझे, कोण जाणे. आमच्याकडून त्यांनी सरबताचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी उतरायला लागलो. खांडसला पोचेपर्यंत अंधार पडला, कर्जतहून लोकल मिळाली आणि घरी आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. सासूबाई जाग्या होत्या. उपास होता, पाणीसुद्धा माझ्यासाठी थांबून घेतलं नव्हतं. गडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, बोट बुडवून दोन्ही डोळ्यांना लावलं.

"ओटी कुणाला दिलीस?"

मी सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि धार? धार केवढी होती गं तिची?"

मी करंगळी पुढं केली. त्यांनी ती आपल्या मुठीत धरली, आणि बराच वेळ तशीच धरून बसल्या.